ताम्हिणी उतरताना ब्रेक मऊ पडतात: स्विफ्टवर घरच्या घरी काय सुधारता येईल?

वारजेकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट, व्हीएक्सआय, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, चाकं १४ इंची. रोजचं वारजे ते हिंजवडी असतं, त्यात ब्रेकबद्दल काहीच तक्रार नाही. सासुरवाडी श्रीवर्धनची, त्यामुळे सणासुदीला ताम्हिणी उतरणं होतंच. तेव्हा गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली. घाट संपत आला की पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली जातं आणि पायाखाली मऊ लागतं. विळ्याला चहापाण्याला थांबलो की पुन्हा जागेवर.

डोक्यात असं आहे: मागे ड्रम काढून डिस्क, पुढे वरच्या मॉडेलची मोठी आणि भोकं पाडलेली डिस्क, ब्रेकच्या लवचीक नळ्या म्हणजे होज स्टीलच्या जाळीचे, शिवाय डिस्कला आवळणारे पॅड चांगल्यापैकी. बजेट पंधरा हजार. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग ही कामं मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करतो, हेही स्वतःच करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

पानेपक्कड

मोठ्या डिस्कचं नंतर बघू. आधी दुखणं काय ते ठरवा, कारण तुम्ही दिलेल्या वर्णनातच उत्तर आहे.

ब्रेक कमी पडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. पेडल कडक आहे, पाय जोर लावतोय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेली. पेडल थंड गाडीतही कायम मऊ आहे, तर लाइनमध्ये हवा. सिग्नलला पाय दाबून ठेवला आणि पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलचा जोर लाइनमध्ये ढकलणाऱ्या पंपाच्या, आतल्या सील गेल्या. तुमचं पेडल तापल्यावर मऊ पडतं आणि थंड झाल्यावर परत येतं. म्हणजे ब्रेकच्या लाइनमधला द्रव, ब्रेक फ्लुइड, उकळतंय. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय आधी ते बुडबुडे दाबण्यात खर्ची पडतो.

आता घाटात किती उष्णता तयार होते त्याचा हिशेब मांडा. १०० मीटर उंची उतरणं म्हणजे ताशी १६० किमीवरून गाडी एकदा पूर्ण थांबवण्याएवढी ऊर्जा. हा आकडा गाडीच्या वजनावर अवलंबून नाही, छोट्या गाडीला तोच आणि मोठ्या गाडीलाही तोच. ताम्हिणीत तुम्ही ५०० मीटरच्या आसपास उतरता. माणसं-सामान धरून तुमची गाडी साधारण १३५० किलोची झाली तर ही उष्णता वीस लिटर नळाचं पाणी उकळीला आणेल एवढी आहे. त्यातला काही भाग वारा आणि इंजिन खातं. उरलेल्यातला बराचसा पुढच्या दोन डिस्क आणि चार पॅडांमध्ये जातो आणि तिथून पॅड ढकलणाऱ्या पिस्टनमार्गे फ्लुइडमध्ये.

ब्रेक फ्लुइड हवेतलं बाष्प शोषून घेतं, रबरी होजमधूनसुद्धा. डॉट ३, डॉट ४ या फ्लुइडच्या प्रती. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की १४० अंश. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. पुण्या-कोकणातल्या पावसाळ्यात हे मुरणं काही थांबत नाही.

तर माझा पहिला आणि शेवटचा प्रश्न: फ्लुइड शेवटचं कधी बदललं होतं?

वारजेकर

पानेपक्कडकाका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. गाडी सेकंडहँड घेतलेली. सर्व्हिसच्या कागदांत फ्लुइड बदलल्याची नोंद कुठेच नाही. आत्ता खाली जाऊन पाहिलं, फ्लुइडच्या टाकीत गडद तपकिरी दिसतंय.

पानेपक्कड

मग दुसरं काही विकत घेऊ नका. पारदर्शक पिवळसर असायला हवं ते. टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं असलं तरी डॉट ४ चालतं, दोन्ही ग्लायकॉलवरचीच. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते चुकूनही घेऊ नका. ५ आणि ५.१ या नावांत गोंधळ होतो, बाटली हातात घेऊन वाचा.

निळी_हॅचबॅक

काकांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर आहे, पण निव्वळ फ्लुइड बदलणं म्हणजे अपग्रेड नव्हे. मागे डिस्क बसवलेल्या स्विफ्ट मी स्वतः पाहिल्यात. डिस्क उघडी असते, वारा लागतो, ड्रमपेक्षा लवकर थंड होते. पावसात पाणीही झटकून टाकते. माणूस हौसेने खर्च करायला तयार आहे तर त्याला फ्लुइडवर का थांबवायचं?

पानेपक्कड

तुम्ही डिस्कबद्दल जे लिहिलंत ते सगळं बरोबर आहे. माझी हरकत दुसरीकडे आहे.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो. छोट्या पेट्रोल गाडीत थांबवण्याचं साधारण ७० टक्के काम पुढची चाकं करतात, जोरात दाबल्यावर त्याहूनही जास्त. मागचं चाक हलकं झालेलं असतं, त्याला फार पकड उरत नाही. तिथे ताकद वाढवली तर पुढच्याआधी मागची चाकं जाम होतात आणि मागची चाकं जाम झालेली गाडी गोल फिरते. पुढे-मागे जोर किती वाटायचा हे कंपनीने पिस्टनचा व्यास, ड्रमचं माप आणि मागचा दाब मर्यादित ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह मिळून ठरवलेलं असतं. वारजेकरांच्या गाडीत एबीएस नाही, म्हणजे हे गणित बिघडलं तर सावरायला मागे कोणी नाही. त्यात हँडब्रेकची केबल वेगळी, मास्टर सिलिंडरला जास्त फ्लुइड ढकलावं लागणार, पेडलचा प्रवास वाढणार.

मी हयात या धंद्यात काढली. भोसरी-चाकण पट्ट्यात ब्रेकचे सुटे भाग बनतात, ब्रेम्बोचाही कारखाना चाकणला आहे, आणि वेताळ टेकडीला लागून एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, जिथे गाड्यांचे ब्रेक मोजूनमापून तपासले जातात. एक डिस्क बदलायची तर थंड ब्रेक, गरम ब्रेक, रिकामी गाडी, भरलेली गाडी, सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारा भाग) बंद पडलेली गाडी असं सगळं तपासावं लागतं. पार्किंगमध्ये आपण यातलं काहीच तपासू शकत नाही. म्हणून मूळ मापाच्या बाहेर जायचं नाही, एवढाच माझा आग्रह.

निळी_हॅचबॅक

रिकामी आणि भरलेली गाडी वेगळी तपासतात हा मुद्दा पटला. मग पुढची तरी मोठी डिस्क?

पानेपक्कड

पुढची मोठी केली तर तोल पुढे सरकतो, गाडी फिरणार नाही, तेवढा धोका कमी. पण एबीएस नसल्यामुळे ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर जाम होतील आणि जाम चाकाने गाडी वळत नाही. शिवाय १४ इंची रिममध्ये कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, मावायला हवा. भोकाच्या डिस्क तर नकोच. रस्त्यावरच्या गाडीत भोकांपासून तडे जायला सुरुवात होते आणि उष्णता साठवायला लोखंडही कमी उरतं.

कायद्याचं_बोला

थोडं वेगळं पण महत्त्वाचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. झिजलेले पॅड, डिस्क, होज, फ्लुइड त्याच मापाचे बदलणं ही देखभाल आहे, त्याला कोणी हरकत घेणार नाही. ड्रमची डिस्क करणं वेगळं. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा तेच बघेल.

डांबरी

टायरबद्दल अजून कोणीच बोललं नाही! स्विफ्टचे मूळ ब्रेक ६० वरून चाकं जाम करू शकतात की नाही? करू शकतात. मग कोरड्या रस्त्यावर एकदा जोरात थांबायला किती अंतर लागेल ते टायरच ठरवतो. ब्रेक कितीही मोठे लावा, ते अंतर कमी होत नाही. ब्रेक सुधारल्याने फायदा होतो तो पुन्हा पुन्हा दाबण्यात, घाटात. वारजेकर, टायरच्या बाजूला चार आकडी तारीख शोधा. २३१८ असेल तर २०१८ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसत असली तरी रबर टणक झालेलं असतं.

वारजेकर

पुढचे दोन ०९२२. मागचे दोन ४११७.

डांबरी

मागचे आजच बदला. पंधरा हजारांतला मोठा वाटा तिथे जाऊ दे. आणि दोनच नवे घेतले तर ते मागच्या चाकांना, पुढचे तसेच राहू देत. पुष्कळ जण नवे टायर पुढे लावतात. ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर काय होतं ते काकांनी वर लिहिलंच आहे.

घाटवाट

मी कात्रजला राहतो. नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर काय होतं ते रोज बघतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक, आणि मग ब्रेक लागले नाहीत म्हणून पुढच्या गाड्यांवर. कारवालेही हेच करतात, फक्त गाडी हलकी म्हणून निभावतं. वारजेकर, तुम्ही ताम्हिणी कोणत्या गिअरमध्ये उतरता? ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या एसटी ड्रायव्हरांचा नियम आहे आणि त्यात बदल करायची गरज मला कधी वाटली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं, ओरडू द्या. पाय सोडल्यावर इंजेक्शनचं पेट्रोल बंदच होतं, त्यामुळे न्यूट्रलपेक्षा खर्चही कमी. आणि ब्रेक सतत हलका दाबून ठेवायचा नाही. ठाम दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. त्या मधल्या वेळात डिस्कला वारा मिळतो.

उतारावर इंजिन बंद करणारेही भेटतात. सर्व्होला व्हॅक्यूम इंजिनकडून मिळतो. इंजिन बंद झालं की एक-दोनदा दाबण्यापुरता साठा असतो, त्यानंतर पेडल दगड.

वारजेकर

तिसरा, बऱ्याचदा चौथासुद्धा. पुढच्या खेपेला दुसरा.

आता पक्कं ठरवलं: मागचे टायर, डॉट ४, पुढचे पॅड. मोठी डिस्क आणि मागची डिस्क रद्द. होजचं काय करू? आणि पॅड-फ्लुइडचं काम नीट पायरीपायरीने कोणी सांगेल का?

गौरी_सातारारोड

मी करते हे काम, बाबांबरोबर. आमच्या वॅगन आरचं आणि मावशीच्या आय१० चंसुद्धा. लिहिते.

जागा सपाट हवी. आमच्या सोसायटीत तळघरात जायचा उतार आहे आणि रिकामा म्हणून लोक तिथेच गाडी उचलतात. तिथे कधीच नाही. पहिल्या गिअरमध्ये टाका, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक. गाडीबरोबर येतो तो जॅक उचलण्यापुरता. जॅक स्टँड लावल्याशिवाय चाकामागे हात घालायचा नाही. विटा रचून त्यावर गाडी टेकवलेली मी पाहिली आहे, वीट एका क्षणात फुटते.

एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे कुठली क्लिप कशी होती ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की तो वर फिरतो. पूर्ण काढलात तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. पिस्टन मागे ढकलायच्या आधी बॉनेट उघडून टाकीतली पातळी बघा, कारण फ्लुइड वर चढतं आणि सांडतं. रंगावर पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो. पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश, सरळ ढकला.

यानंतरचं काम गॅरेजमध्ये घाईत राहून जातं आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं आहे. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बाहेर काढा. पुण्याच्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्यांतली एक तरी चिकटलेली निघते. पिन चिकटली की एकच पॅड झिजतो, ब्रेक सोडल्यावरही तो घासत राहतो आणि डिस्क विनाकारण तापते. पुसून स्वच्छ करा, रबरी टोप्या फाटलेल्या नाहीत ना पाहा, आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा, पॅड हाताने सरकला पाहिजे. पॅडची भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका, स्वस्त पॅडांत काय असतं सांगता येत नाही. मास्क लावा आणि ब्रेक क्लीनरने धुवा. रॉकेल-डिझेल अजिबात नको.

डिस्कची कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियरने मोजताना कडेला राहिलेली धार मोजली जाते आणि जाडी जास्त दिसते. दोन सारखी नाणी दोन्ही बाजूंनी धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा, ही बाबांची युक्ती.

बोल्ट टॉर्क रेंचने, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला. चाकाचे नट छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतात, पण तेही मॅन्युअल बघूनच. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा! पिस्टन मागे गेलेले असतात, पहिल्यांदा दाबलं की पेडल सरळ तळाला जातं.

गौरी_सातारारोड

आता फ्लुइड. दोन माणसं लागतात. मोठ्या सिरिंजने टाकीतलं जुनं काढून नवीन भरा. चाकामागे फ्लुइड बाहेर काढायचा छोटा स्क्रू असतो, त्या निपलवर रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत नवीन फ्लुइडमध्ये बुडलेलं. आतला माणूस दाबतो आणि धरतो, बाहेरचा निपल उघडतो, बंद करतो, मग ओरडतो "सोड". निपल उघडं असताना पाय सोडला की हवा आत. टाकी किमान खुणेखाली जाऊ देऊ नका.

क्रम मॅन्युअलमध्ये असेल तोच. बहुधा सर्वांत लांबच्या चाकापासून, आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे असल्याने मागचं डावं. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. रोज जिथवर सील जात नाही तिथे सिलिंडरमध्ये गंज असतो, पेडल तळापर्यंत नेलं की सील त्यावर घासून फाटते.

एबीएसवाल्यांसाठी: एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांत ते आहेच. टाकी रिकामी होऊन एबीएसच्या व्हॉल्व्हच्या डब्यात, मॉड्युलेटरमध्ये, हवा गेली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो. तिथे जास्त सांभाळून.

पानेपक्कड

गौरीताई, पेडलखालचा लाकडाचा तुकडा वाचून फार बरं वाटलं. माझ्या हाताखालच्या पोरांना हे मी सांगत आलो.

वारजेकर, होजबद्दल. दहा वर्षांचे रबरी होज बदलाच. वाकवून बघा, बारीक चिरा दिसतील. कधी आतून सुजतात, मग ब्रेक सोडल्यावर फ्लुइड मागे येत नाही आणि ते चाक घासत राहतं. माझं मत मूळ कंपनीच्या रबरी होजचं.

निळी_हॅचबॅक

इथे मी ठाम आहे, जाळीचे होज घ्या. रबर दाबाने फुगतं, जाळी फुगत नाही, पायाला फरक लगेच कळतो. माझ्या गाडीत आहेत आणि मला समाधान आहे.

पानेपक्कड

फरक कळतो, नाकारत नाही. पण जाळीच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, आणि कंपनीने आपल्या मापाला तपासलेला होज असेल तरच. बाजारात तोडून जोडून दिलेले मिळतात, ते ब्रेकला लावायचे नाहीत.

पेठेतला

नाना पेठेत सगळं मिळतं, नकलीसुद्धा. पॅडच्या पाठीवर बॅच नंबर छापलेला आहे का, खोक्यावरचा भाग क्रमांक आणि पॅडवरचा जुळतो का, एवढं बघा आणि पक्कं बिल मागा. फ्लुइडची लहान सीलबंद बाटली घ्या, उघडून ठेवलेलं स्वस्तात देतात ते नको.

वारजेकर

काम झालं. धाकटा भाऊ पेडलवर, मी खाली. मागचे टायर नवे, पुढचे पॅड, चारही चाकांचं डॉट ४, होज मूळ कंपनीचे. निळी_हॅचबॅक, राग मानू नका. पुढच्या डाव्या कॅलिपरची खालची पिन पूर्ण चिकटली होती, आतला पॅड बाहेरच्याच्या निम्माही उरला नव्हता. बजेटमधून पैसे उरले, त्यातून टॉर्क रेंच घेतला.

रविवारी पहाटे भोसरी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर नवे पॅड डिस्कवर घासून बसवून घेतले. ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोर, पूर्ण न थांबता, मग थोडं पळवून परत तसंच, आणि शेवटी ब्रेक न दाबता थंड करत घरी. नंतर घरच्यांना घेऊन सिंहगड दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पेडल खालपर्यंत जसंच्या तसं. ताम्हिणी गणपतीत.

दोन गोष्टी राहिल्या. हँडब्रेक फार वर येतो. आणि बाटलीभर जुनं फ्लुइड पडलंय.

गौरी_सातारारोड

वा! चिकटलेली पिन सापडली यातच सगळं आलं.

हँडब्रेक वर येतोय म्हणून लगेच केबल ओढू नका. आधी ड्रम उघडून शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) किती उरलेत आणि व्हील सिलिंडर ओला आहे का ते बघा. ड्रमवर कमाल व्यास लिहिलेला असतो, तोही मोजा. शू आणि ड्रममधलं अंतर आधी ठीक करायचं, केबल सगळ्यात शेवटी. मागचं काम करताना हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून ठोकळे पुढच्या चाकांना.

पानेपक्कड

जुनं फ्लुइड गटारात नको आणि वापरलेल्या इंजिन ऑइलमध्येही मिसळू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून, झाकण घट्ट लावून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि घातक कचरा रीतसर देणाऱ्या गॅरेजकडे द्या. ड्रम उघडाल तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, स्प्रिंगा कशा बसतात ते मी सांगतो.